पिकण्याआधी, शिजण्याआधी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाहून परतणाऱ्या बायका पन्ह्याबद्दल बोलतात. वेलची जास्त झाली होती का, केशर खरं होतं का, गूळ घातला होता की साखर, ही चर्चा जिना उतरेपर्यंत पुरते. डाळीबद्दल फार कुणी बोलत नाही. बोललंच तर एवढंच, की ‘डाळ छान झाली होती हो.’ पन्ह्याला दाद मिळणं सोपं आहे. चैत्रातल्या उन्हातून आलेल्या माणसाला थंडगार आंबटगोड काहीही दिलं तरी तो दुवाच देईल. आंबेडाळीला ही सवलत नाही. तिने तहान भागत नाही, पोट भरत नाही आणि गोडाच्या पंगतीत तिला कुणी बसवत नाही. तिला निव्वळ चवीवर उभं राहावं लागतं. म्हणूनच सणासुदीच्या ताटातलं डावीकडचं काही चवीने, सावकाश वाचायचं ठरवलं, तर मी आधी आंबेडाळ निवडेन.

तिची थोरवी मला एका गोष्टीत दिसते. या वाटीत पूर्णत्वाला गेलेलं जवळजवळ काहीच नाही. फळ पिकण्याआधी तोडलेलं, डाळ शिजण्याआधी उचललेली, वाटण गुळगुळीत होण्याआधी थांबवलेलं, साखर गोड लागण्याआधी आवरलेली. आपले नावाजलेले पदार्थ बहुतेक सगळे तड लावण्यावर उभे आहेत. पुरण उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं, बेसन तूप सुटेपर्यंत भाजायचं, बासुंदी निम्मी होईपर्यंत ढवळायची. तिथे चिकाटीची परीक्षा असते. आंबेडाळीत परीक्षा असते ती हात आवरण्याची.

कृती म्हणाल तर चार ओळींची. वाटीभर हरभऱ्याची डाळ धुऊन चार-पाच तास भिजवायची आणि चाळणीत निथळत ठेवायची. तीन-चार हिरव्या मिरच्या आणि मीठ घालून पाण्याशिवाय भरड वाटायची. त्यात अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, दोन-तीन चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर आणि चमचाभर साखर घालायची. वरून मोहरी, हिंग, हळद, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची सढळ तेलातली फोडणी. एवढं सगळ्यांना येतं, आणि तरीही एका वाड्यातल्या दोन घरांची डाळ सारखी लागत नाही. फरक सामानात नसतो. कोण कुठे थांबलं, यात असतो.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्याभरात एखादा मंगळवार किंवा शुक्रवार धरून हळदीकुंकू होतं. दारात चैत्रांगण, गौरीपुढे कलिंगडाची कमळं, हातावर अत्तर, केसांत मोगरा आणि ओटीत भिजवलेले हरभरे. या हरभऱ्यांकडे लक्ष द्यायला हवं. रब्बीचा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातून निघतो, म्हणजे चैत्रात तो नवा असतो. कैरीही तेव्हाच बाजारात येऊ लागते. एक पीक खळ्यावरून नुकतं घरात आलेलं, दुसरं अजून झाडावर. त्यांची गाठ पडण्याचा हा मोसम आहे, आणि आंबेडाळ हा त्याचा सरळ हिशोब आहे.

या डाळीची सुरुवात खरं तर दोन दिवस आधीच होते. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं-फुलं वाटून जो प्रसाद देतात, त्यातही भिजवलेली हरभऱ्याची डाळ असते. सोबतीला जिरं, हिंग आणि मध किंवा गूळ. म्हणजे भिजल्या डाळीचं पहिलं लग्न कडूशी लागतं आणि तिसऱ्या दिवशी ती आंबटाच्या घरी नांदायला येते. सहा रसांपैकी कडू पाडव्यालाच उरकून घेतलेला असल्यामुळे तृतीयेच्या वाटीत उरलेले पाच निवांत बसतात. कैरीचा आंबट, मिरचीचा तिखट, मिठाचा खारट, खोबऱ्याचा आणि साखरेचा गोड, आणि कच्च्या डाळीचा तुरट. हा शेवटचा महत्त्वाचा. सणाच्या ताटात तुरट सहसा कुठे भेटत नाही, कारण शिजवलं की डाळीचा तुरटपणा जातो.

पहिला थांबा कैरीचा, आणि तो झाडावरच ठरतो. अगदी बाळकैरी, जिची कोय अजून सुरीने आरपार कापली जाते, ती आंबटापेक्षा तुरटच जास्त. तिचा कीस डाळीत पडला की तुरटात तुरट मिसळतो आणि जीभ नुसती आकसते. पाडाला आलेली कैरी ही दुसरी टोकाची चूक. तिचा गर कोयीकडून पिवळा पडू लागलेला असतो. कच्च्या आंब्यात पिष्ट साठलेलं असतं. पिकताना त्याची साखर होते आणि सायट्रिक, मॅलिक ही आम्लं कमी होत जातात. पाडाच्या कैरीत हा व्यवहार सुरू झालेला असतो, म्हणून ती साखरांब्याला चालते, डाळीला नाही. डाळीला हवी ती या दोघींच्या मधली. कोय धरलेली, गर पांढरट हिरवा, कडक, आणि किसताना आवाज करणारी. तिच्यात आंबटपणा भरात असतो, आणि पिष्टामुळे किसाच्या धाग्यांना अंगही असतं. मिठाने ते एकदम लोळागोळा होत नाहीत.

जातींचं म्हणाल तर रायवळ कैरीला तोड नाही. प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी आणि आंबटपणा बेफाम. राजापुरी मोठी, गराची, किसायला सोयीची आणि बऱ्यापैकी आंबट, म्हणून शहरात तीच बरी. वाऱ्याने गळलेल्या हापूसच्या कैऱ्या आयत्या हाती लागल्या तर त्यांची डाळ फार सुरेख होते, पण मुद्दाम हापूसची कैरी विकत घेऊन किसणं मला जिवावर येतं. तोतापुरी मात्र डाळीपासून लांब ठेवावी. गाडीवर तिखटमीठ लावून खायला ती उत्तम, कारण कुरकुरीत असते आणि जेमतेम आंबट. तिच्या डाळीत शेवटी लिंबू पिळावं लागतं, आणि लिंबू पिळलेली आंबेडाळ ही नुसतीच आंबट डाळ असते.

कैरीत आंबटाखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वास. देठापाशी चीक असतो. तो ओठाला लागला तर फोड उठतात, म्हणून देठ कापून कैरी थोडा वेळ पाण्यात टाकतात. पण चिकातली ती हिरवी, किंचित राळेसारखी झाक, जी टर्पीन जातीच्या सुगंधी द्रव्यांमुळे येते, तीच कैरीची खरी ओळख आहे. किसून उघडी ठेवलेली कैरी हा वास पाहता पाहता घालवून बसते. म्हणून डाळ वाटून झाल्यावर कैरी किसावी, आधी नाही. आणि लोखंडी विळीऐवजी स्टीलची किसणी घ्यावी. कैरीतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांची लोखंडाशी गाठ पडली की कीस काळसर पडतो, आणि पिवळ्या डाळीत ते डाग डोळ्यांना सलतात.

कैरी डाळीबरोबर वाटावी की वेगळी किसून घालावी, यावर दोन पक्ष आहेत. सगळी वाटली तर आंबटपणा एकसारखा पसरतो, पण कैरी दिसेनाशी होते आणि तिच्या पाण्याने डाळीचा लगदा होतो. सगळी किसून घातली तर कधी घासात कैरीच कैरी येते, कधी नुसती डाळ. मी निम्मी-निम्मी करण्याच्या बाजूचा आहे. थोडी कैरी डाळीच्या शेवटच्या फेऱ्यात फिरवावी, उरलेली किसून वरून मिसळावी. म्हणजे आंबटाचा पाया सगळीकडे असतो आणि मधूनच एखादा धागा दाताखाली सापडून आंबटाची लहर पुन्हा उठते.

दुसरा थांबा डाळीचा. वाळून कडक झालेल्या डाळीला पाणी पाजणं म्हणजे तिला पुन्हा सोलाण्यांच्या जवळ नेणं. शेतातला हिरवा हरभरा सोलून खाल्ल्यावर जो दुधाळ गोडवा लागतो, त्याची पुसट आठवण चार-पाच तास भिजलेल्या डाळीत असते. डाळ फुगून जवळजवळ दुप्पट होते. नखाने दाबली की ती कटकन तुटली पाहिजे आणि तुटल्या जागी मधे पांढरी कोरडी रेघ दिसता कामा नये. रेघ दिसली तर डाळ दाताला लागते. उलट, रात्रभर भिजत राहिली तर चैत्रातल्या उकाड्यात पाण्यावर फेस येतो, डाळीला आंबूस वास लागतो आणि गोडवा पाण्यात निघून जातो. तो आंबूसपणा कैरीच्या आंबटात लपेल, असं समजण्यात अर्थ नाही. आंबवण्याचा आंबट आणि फळाचा आंबट जिभेला लगेच वेगळे कळतात. भिजवलेलं पाणी फेकूनच द्यावं. पोटात वारा धरणाऱ्या शर्करांपैकी काही त्यात उतरलेल्या असतात.

यानंतर निथळणं. इथे घाई करणारे फार. चाळणीत अर्धा तास आणि मग पंचावर पसरून दहा मिनिटं, एवढं केलं तरच वाटण मोकळं होतं. डाळीच्या अंगावर राहिलेलं पाणी वाटताना पिठात मिसळतं आणि चिकट खळ तयार होते. आंबेडाळीत ओलावा आणायचा तो कैरीच्या रसाने आणि फोडणीच्या तेलाने. नळाच्या पाण्याला इथे जागा नाही.

आता वाटण, आणि माझ्या मते साऱ्या पदार्थाचं मर्म इथे आहे. पाट्यावर वाटताना डाळ डोळ्यांसमोर असते. वरवंट्याच्या प्रत्येक फेऱ्यात ती किती मोडली ते दिसतं, हाताला कळतं, आणि थांबणं सोपं जातं. मिक्सर झाकण लावून काम करतो. म्हणून थोडी थोडी डाळ घेऊन बटण क्षणभर दाबायचं, सोडायचं, झाकण काढून बघायचं, चमच्याने वरखाली करायचं आणि पुन्हा दाबायचं. चांगल्या वाटणात तीन आकार सापडतात. थोडं पीठ झालेलं असतं, बरंचसं भिजवलेल्या जाड रव्यासारखं असतं, आणि मधून मधून अख्खी किंवा अर्धी डाळ राहिलेली असते. या तिघांची कामं वेगळी आहेत. पीठ कैरीचा रस आणि तेल धरून ठेवतं, म्हणून डाळ विस्कटत नाही. रव्याइतके कण चावायला मिळतात आणि चव हळूहळू सोडतात. अख्खी डाळ दाताखाली आली की दुधाळ गोडवा एकदम स्वच्छ कळतो.

हे तीन आकार एकच झाले, सगळं बारीक वाटलं गेलं, तर काय होतं ते चाखून बघण्यासारखं आहे. तीच डाळ, तीच कैरी, तेच मीठ, आणि तरीही तोंडात कच्च्या बेसनाची चव येते. जिभेवर पिठाचा लेप बसतो आणि कैरी त्याच्याखाली गुदमरते. कच्चं बेसन कुणाला आवडत नाही, कच्ची भरड डाळ मात्र सगळे आवडीने खातात. मधलं अंतर कणाच्या आकाराएवढंच आहे. स्वयंपाकात विस्तवाशिवाय, मसाल्याशिवाय, निव्वळ पात्याच्या दोन फेऱ्यांवर पदार्थाचं नशीब पालटतं, असं उदाहरण दुसरं मला सुचत नाही.

गणपती-विसर्जनाची वाटली डाळ इथे शेजारी ठेवून बघावी. तीही हरभऱ्याचीच, तशीच भिजवलेली आणि तशीच वाटलेली. पण ती फोडणीत पडते, झाकणाखाली दणदणीत वाफा घेते आणि मोकळी, पिवळीधमक होऊन बाहेर येते. तिथे वाटण थोडं बारीक झालं तरी वाफ सांभाळून घेते. आंबेडाळीच्या मदतीला वाफ येत नाही. वाटताना झालेली चूक ती ताटापर्यंत तशीच घेऊन जाते.

मिरची आणि मीठ डाळीबरोबरच वाटावं, म्हणजे तिखट सगळीकडे पोचतं आणि मिरचीचे तुकडे उगाच घात करत नाहीत. लसूण नको, कैरीच्या वासावर तो दांडगाई करतो. खोबरं कोकणातल्या हाताने जास्त पडतं, घाटावर बेताने. त्याने स्निग्धपणा येतो आणि आंबटाचे कोपरे झिजतात, पण हात सैल सुटला की डाळीची खोबऱ्याची चटणी होते. साखरेचं काम त्याहून नाजूक. ती आंबटाला आधार देण्यापुरती असावी. खाणाऱ्याला ‘यात साखर आहे’ असं कळलं, तर ती जास्त झाली. आणि ती नसली तर डाळ करकरीत लागते, काहीतरी राहून गेल्यासारखी. या दोन्हींच्या मधल्या बिंदूवर चिमूट थांबली पाहिजे.

तो बिंदू पुस्तकात सापडत नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापावर कितीतरी नवशिक्यांचे संसार तारले. पण कैरीचा आंबटपणा वाटीत मोजता येत नाही. एकाच पिशवीतल्या दोन कैऱ्या दोन तऱ्हेच्या निघतात. म्हणून आंबेडाळीत क्रम महत्त्वाचा आहे. कैरी किसल्यावर आधी किसाची चिमूट तोंडात टाकावी, मग किती घालायची ते ठरवावं. साखर त्यानंतर. मीठ वाटताना थोडं हात राखूनच घालावं, कारण उरलेलं किती लागेल ते कैरी सांगते. इथे प्रमाण घटकांवर सोडायचं असतं, आणि करणाऱ्याने ते ऐकायचं असतं.

एवढ्या सगळ्या अर्ध्यावर थांबलेल्या मंडळींत शेवटपर्यंत जाणारी एकटी फोडणी. तिला कच्चेपणाची मुभा नाही. मोहरी सगळी तडतडली पाहिजे. राहिलेली मोहरी कडवट लागते. कच्ची मोहरी पाण्यात फेसली की नाकात जाणारी झणझणी येते, आणि रायत्या-लोणच्यात ती हवीच असते. पण ती झणझणी ज्या विकरामुळे तयार होते ते तापलेल्या तेलात निकामी होतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग आणि सौम्य लागते. डाळीला हीच मोहरी हवी, कारण नाकात जायचं काम इथे कैरीकडे आहे. सुकी मिरची गडद तांबडी व्हावी, काळी नाही. हिंग सढळ हाताने. या पदार्थात कांदा-लसूण नाही, आणि गरम तेलात उमललेला हिंग त्यांची उणीव भरून काढतो. शिवाय कच्ची डाळ वातूळ, तेव्हा तो पोटाचा पहारेकरीही आहे. हळद सर्वांत शेवटी, गॅस बंद करून. जळलेली हळद कडू होते, आणि कडूचा कार्यक्रम पाडव्याला आटोपलेला आहे. तेलाला कंजुषी करू नये. कच्ची भरड डाळ तेल पिते, आणि कमी तेलातली आंबेडाळ घशात अडकते.

फोडणी कधी ओतावी, हा जाणकारांच्या वादाचा विषय. कढत ओतली तर चुर्र आवाजाचं सुख मिळतं, पण वरचा थर अर्धवट शिजतो, कैरीचा कीस मान टाकतो आणि कोथिंबीर काळवंडते. एवढ्या काळजीने जपलेला कच्चेपणा एका पळीत जातो. अगदी गार करून घातली तर बिघडत काही नाही, पण वास मंदावतो. मला कोमट फोडणी पटते: बोट बुडवता येईल इतकी निवलेली, तरी वास धरून असलेली. तीही दोन हप्त्यांत. निम्मी डाळीत कालवायची, निम्मी वाढायच्या वेळी वरून. कालवलेली डाळीच्या अंगी लागते, आणि वरची मोहरी-कढीपत्त्यासह डोळ्यांना आणि नाकाला भेटते.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, आणि आंबट लागलं की पिवळीच राहते. ज्या समारंभाच्या नावातच पिवळा आणि लाल हे दोन रंग शेजारी आहेत, त्यातल्या या पदार्थाने पिवळ्याची बाजू धरली आहे, आणि ती कैरीच्या जिवावर. चांगल्या आंबेडाळीचा पिवळा उजळ असतो, लिंबाच्या सालीकडे झुकणारा. त्यात किसाचे हिरवट-पांढरे धागे, खोबऱ्याचे शुभ्र कण, मिरचीचे तांबडे तुकडे आणि कोथिंबीर. वेगळी सजावट करायची गरजच नसते.

कालवल्यावर तिला अर्धा तास द्यावा. मीठ कैरीतलं पाणी बाहेर काढतं आणि डाळ ते पिते. आधी वेगवेगळ्या बोलणाऱ्या चवी एकमेकींच्या ओळखीच्या होतात. पण हा मुरण्याचा काळ लांबवू नये. लोणचं महिनाभर मुरतं आणि सुधारतं. आंबेडाळ दोन-तीन तासांत आपल्या शिखरावर येते आणि मग उतरू लागते. कण फुगून घट्ट होतात, कीस मऊ पडतो, खोबरं घातलेलं असेल तर उकाड्यात संध्याकाळपर्यंत वास बदलतो. म्हणून ज्यांच्याकडे हळदीकुंकवाला दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत बायकांची ये-जा असते, त्या शहाण्या यजमीणबाई सगळी डाळ एकदम कालवत नाहीत. वाटण फ्रीजमध्ये, कैऱ्या अख्ख्या, फोडणी झाकून. आणि येणाऱ्यांचा अंदाज घेत वाडगाभर डाळ नवी. शेवटच्या तासाला आलेल्या पाहुणीलाही पहिलीसारखीच डाळ मिळावी, ही खरी सरबराई.

हिची भावंडं दक्षिणेत आहेत. कर्नाटकात रामनवमीला पानकासोबत कोसंबरी करतात. भिजवलेली मूगडाळ किंवा हरभऱ्याची डाळ, काकडी किंवा कैरी, खोबरं, मोहरीची फोडणी. आंध्रात त्याच दिवशी पानकमसोबत भिजवलेल्या मूगडाळीचा वडपप्पू असतो. सामान जवळपास आपलंच, पण तिथे डाळ अख्खी राहते, म्हणून तो प्रकार सुटा, हलका, कोशिंबिरीच्या जातीचा. आपण डाळ मोडली, म्हणून तिने कैरी शोषली आणि पदार्थाला घट्ट अंग आलं. गोव्यातलं आंब्याचं सासव दुसऱ्या टोकाला आहे. लहान पिकलेले आंबे कोयीसकट, गूळ आणि मोहरी-खोबऱ्याचं वाटण. तिथे फळ आपला प्रवास पूर्ण करून आलेलं असतं आणि वाटण त्याला सामोरं जातं. कैरीच्या तक्कूत किसाला गूळ आणि फोडणीची साथ मिळते, झणझणीत मजा येते, पण कैरी एकटीच बोलते. आंबेडाळीत तिला डाळीसारखी शांत, ऐकून घेणारी सोबतीण मिळाली आहे, म्हणून ती आरडाओरडा करत नाही.

ताटात डाव्या बाजूला तिची जागा मला फार नेमकी वाटते. चटणी बारीक, कोशिंबीर ओली, लोणचं जुनं. आंबेडाळ चटणीपेक्षा भरड, कोशिंबिरीपेक्षा कोरडी आणि लोणच्यापेक्षा कितीतरी तरुण. अक्षय्य तृतीयेच्या पुरणपोळीच्या ताटात वरण, भात, भाजी, कटाची आमटी, पुरण सगळं शिजून मऊ झालेलं असतं. दातांना काम देणारी आणि गोडावर गोड खाऊन थकलेल्या जिभेला जागं करणारी ही एकटीच. हळदीकुंकवाला मात्र ती ताट सोडून स्वतंत्र वाटीत येते. पोळी नाही, भात नाही, नुसता चमचा. डावीकडचा पदार्थ एकटा समोर ठेवला जावा असे प्रसंग आपल्याकडे मोजके, आणि आंबेडाळ त्या मानाला उणी पडत नाही.

परदेशातल्या मराठी घरांतून कैरीला पर्याय शोधताना ग्रॅनी स्मिथ जातीच्या हिरव्या सफरचंदाकडे हात जातो. ते आंबट असतं खरं, पण त्यात रस फार आणि चिकाचा वास नाही. डाळ ओली होते आणि बेचव आंबट लागते. त्यापेक्षा मी क्रॅनबेरीच्या बाजूने मत देईन. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीशेजारी कच्च्या क्रॅनबेरी संत्र्याच्या सालीसकट भरड वाटून, साखर घालून ठेवण्याची चाल आहे. कच्चं आंबट फळ, भरड वाटण, शिजवणं नाही, सणाच्या जड जेवणाला तोंडी लावणं: विचार आपल्याच जातीचा. क्रॅनबेरी आंबट, तुरट आणि स्वतःच्या मोसमातली असते. ती भिजवलेल्या डाळीत पडली तर कैरीची नक्कल होणार नाही, तिची स्वतःची लाल डाळ होईल. फक्त साखर थोडी वाढवावी लागेल, आणि तिथेही जाणवण्याआधी थांबावं लागेल.

चांगली आंबेडाळ ओळखायची खूण सांगायची तर ही. पहिल्या चमच्याला आंबट लागली पाहिजे, दुसऱ्याला तिखट, आणि तिसऱ्या चमच्याला, कण चावून झाल्यावर, डाळीचा गोडवा. उलट्या क्रमाने लागली तर साखर जास्त आहे. तिन्ही एकदम आली तर वाटण बारीक झालं आहे. आणि चौथा चमचा? तो यजमीणबाईंनी आग्रहाने वाढायचा आणि पाहुणीने ‘पुरे’ म्हणायचं, अशी रीत आहे. कैरी वेळेवर थांबली, डाळ थांबली, वरवंटा थांबला, साखरेची चिमूट थांबली. खाणारे तेवढे थांबत नाहीत. कच्ची डाळ त्याचा जाब रात्री विचारते, आणि म्हणून हिंगाला पुन्हा एकदा सांगून ठेवतो: सढळ हाताने.